कवड्याच्या शेजारचा

सत्यजीतचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ च्या मे महिन्यात, न्हावऱ्याच्या आमच्या घरात पंचावन्न इंची टीव्ही आला. सत्यजीत माझा नातू, मला आबा म्हणतो, रांजणगावला कंपनीत आहे. टीव्ही त्याच्या शिफ्टमधल्या पोरांनी मिळून दिला. तो भिंतीवर लावत होते तेव्हा मी खाटेवर पडून होतो. एवढ्या मोठ्या काचेत बघावं असं आपल्याकडं आता काही उरलेलं नाही, असं मला वाटलं. ते चुकलंच.

घरात जुनी माणसं दोनच, मी आणि भामावहिनी. ती माझ्या मयत भावाची, गोकुळदादाची बायको. वयानं माझ्याहून लहान, मानानं थोरली. लग्नानंतर आठ महिन्यांत विधवा झाली आणि इथंच राहिली. माझी पोरं तिनंच वाढवली. त्या उन्हाळ्यात दौंडला तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी सुटल्यावर तिला भिंतीवरची पालसुद्धा नवी वाटत होती.

एक दिवस तिनं नातसुनेला, राजनंदिनीला विचारलं, "नंदे, ह्या डब्यात जुनं सिनेमं लागत्यात का गं?"

"कुठलाबी लागतो, आजी. नाव तेवढं सांगा."

वहिनीनं नाव सांगितलं. राजनंदिनीनं शोधलं. "हाय की! आन् नव्यानं साफ करून टाकलाय. एचडी! तोंडावरचा घाम सुदिक दिसतोय बघा."

माझा चहाचा कप हातातच राहिला.

त्या सिनेमातली लढाई बहात्तरच्या दुष्काळात इनामगावाजवळ घोड नदीच्या कोरड्या पात्रात घेतली होती. आसपासच्या गावांतली शे-दीडशे माणसं सैन्य म्हणून उभी केली होती. दोन वेळचं पोटभर जेवण होतं, म्हणून खडी फोडायचं काम सोडून लोक धावले. दादाचं नाव यादीत लागलं, आणि तोफ ओढायला आमचा बैल लागला, कवड्या. त्याचं डावं शिंग डोळ्यावर वळलेलं होतं. वहिनी तेव्हा दौंडकडं माहेरी होती. इथं खायचे वांधे, म्हणून आईनंच तिला पाठवली होती.

पहिल्या दिवशी पहाटे दादाला ताप चढला. तो म्हणाला, "संपत, तू जा. माझ्या नावावर उभा ऱ्हा. न्हाई गेलो तर नाव काटत्याल." मी गेलो. सिनेमावाल्यांनी मला दादासारखी जाड मिशी डिंकानं चिकटवली. सकाळी मी राजाच्या बाजूनं लढलो, दुपारी फेटा बदलून शत्रूच्या. दोन्हीकडून मेलो. संध्याकाळी मिशीसकट घरी आलो तेव्हा दादा अंथरुणातून हसला. चौथ्या दिवशी तो गेला.

वहिनी एसटीनं पोचली तेव्हा चिता पेटली होती. तोंड बघायला मिळालं नाही. फोटो एकही नव्हता. ती डोकं आपटून घ्यायला लागली. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून म्हणालो, "वहिनी, दादा सिनेमात हाय. कवड्याच्या शेजारी उभा ऱ्हायलाय. तुम्हाला दाखवतो." ती थांबली. आईनं माझ्याकडं बघितलं. खरं काय ते मरेपर्यंत तिनं वहिनीला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी शिरूरला तंबूत तो सिनेमा लागला. पडद्यावर नुसता धुरळा होता. मी बोट केलं, "तो बघा." तिनं पदर तोंडाला लावला आणि "व्हय, तेच" म्हणाली. मला वाटलं, संपलं. पन्नास वर्षांनी हा धुरळा असा साफ होईल हे तेव्हा कोणाला ठाऊक?

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. जेवणं झाल्यावर सत्यजीतनं खिडकीला चादर लावली आणि सिनेमा सुरू केला. सुरुवातीची नावं मी वाचत गेलो. तंबूत बघितला तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, चाळिशीनंतर शिकलो. शेवटच्या पाटीवर गावकऱ्यांचे आभार होते. नाव कुणाचंच नव्हतं.

दोन तास राजाराणीचं चाललं. मला वाटलं, वहिनीला झोप लागेल. तिनं पाठ टेकली नाही.

मग नदी आली. वाळूचा खडा न् खडा दिसत होता.

"थांबव!" वहिनी ओरडली. "थांबव रं सत्या! कवड्या! शिंग बघ, शिंग!"

चित्र थांबलं. कवड्या तोंडाला फेस आणून उभा होता. त्याच्या शेजारी, हात त्याच्या वशिंडावर ठेवून, मी होतो. वीस वर्षांचा. मिशीचं एक टोक डिंक सोडून उचललेलं. डाव्या कानाची पाळी फाटलेली, तीही स्पष्ट.

वहिनी उठून टीव्हीजवळ गेली. काचेवर बोटं टेकवली.

"किती ल्हान हाय वं," ती म्हणाली. "आपल्या सत्याएवढं पोरगं. मला लई थोर वाटायचं."

राजनंदिनी म्हणाली, "आजी, आजोबा आबांसारखंच दिसत्यात. कान बघा की! पण आबांचा कान तर बैलानं—"

"नंदे, चहा टाक," मी म्हणालो.

"आत्ता? सिनेमा—"

"टाक म्हणतो ना."

सत्यजीतनं माझ्या कानाकडं बघितलं, मग पडद्याकडं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली. पोरगं शहाणं आहे. म्हणालं, "एका आईची लेकरं, आजी. सारखं असायचंच."

"आसंना का," वहिनी म्हणाली. "आठ महिन्यांत दिवसाउजेडी तोंड वर करून बघितलं न्हाई मी. सासू बसलेली आसायची. रातच्याला दिवा बारीक. आत्ता बघते." आणि बघत राहिली. चहा निवला तरी बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी सत्यजीतनं तेवढंच चित्र कापून शिरूरहून मोठं करून आणलं. वहिनीला कवड्यासुद्धा हवा होता, म्हणून त्याचं अर्धं तोंडही त्यात आलं. चौकट देवघराशेजारी लागली. वहिनी रोज हार घालायची.

मी रोज त्या फोटोखालून मोरीकडं जायचो. जिवंतपणी स्वतःच्या हाराखालून जायचं, याचा थकवा काय असतो ते मला कुणाला समजावता येत नाही. सर्वपित्रीला तिनं खीर, वडे, भाजी, सगळं पान त्याच्यापुढं मांडलं आणि मग मला वाढलं. मी पान जरा बाजूला सारलं.

"वहिनी, एक सांगायचंय."

"सांगा की, भावजी."

तिचा एक डोळा धुरकट होता, एक लख्ख. लख्ख डोळ्यानं ती माझ्याकडं बघत होती.

"हार जरा मोठा झालाय," मी म्हणालो. "तोंड झाकतंय."

"व्हय की," म्हणून ती उठली आणि हार सारखा केला.

थंडीत तिला दम लागायला लागला. दवाखाना झाला, वाफ झाली. एकदा सत्यजीतला जवळ बसवून म्हणाली, "मी गेले की ह्यो फोटू संगं ठेव. तवा मला बघाय मिळालं न्हाई, आता तरी संगं जाऊ."

मी दारातच होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

ती गेली तेव्हा घाटावर सत्यजीत चौकटीतून काढलेला फोटो घेऊन माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "आबा, काय करू?"

"तिनं सांगितलंय तसं कर."

त्यानं फोटो तिच्या छातीवर ठेवला. मी मागं जाऊन दगडावर बसलो.

माझा थोरला भाऊ गोकुळ १९७३ साली, पाडव्याच्या आदल्या दिवशी, तापानं गेला. त्याचं चित्र कुठंही नाही. त्याची बायको भामाबाई ११ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी सकाळी, न्हावऱ्यात राहत्या घरी गेली.