एकही थेंब पडाले नाई पाहिजे

आमच्या बुढ्याले त्या गाडीचा भारी गर्व. पांढरी ॲम्बॅसेडर हाय. वनखात्यात ड्रायवर होता तवा साहेबाले घेऊन हीच गाडी आलापल्ली-भामरागड फिरवली, अन् रिटायर झाल्यावर खात्याच्या लिलावातून हीच घरी आणली. पयल्यांदा मांगच्या सीटवर मले बसवून अहेरीत घेऊन आला, तवा मी लाजून पदर तोंडावर घेतला होता. अन् हा श्रावण, आमचा बुढा, खिडकीतून हात काढून साऱ्याइले जयभीम करून राह्यला होता! बुढा रोज तिले धुते, पुसते, तिच्याशी बोलते. मायाशी, लग्नाच्या बायकोशी, जलमात इतक्या गोडीनं नाई बोलला.

जयंतीच्या मिरवणुकीत दरसाल हीच गाडी समोर असते. टपावर बाबासाहेबाचा फोटो, हार, निळे झेंडे. गाडीच्या मागं आम्ही बाया, साऱ्या पांढऱ्या साडीत, दोन-दोनच्या रांगेनं. मी पयल्या रांगेत असतो म्हणून नाई सांगून राह्यली, पण ही बायनाबाई, म्हणजे मीच, समोर नसली तर रांग वाकडी होते हे कोणीही सांगन. अन् साऱ्याइचे ब्लाउज सईदा शिवते. सईदा म्हणजे नईम मेकॅनिकची बायको. बाजारात ब्लाउज-परकराचं दुकान लावते. जयंती आली का माप घ्याले घरी येते, चहा पेते, बुढ्याची टर उडवते. माया पाठीवर टेप ठेवून म्हणते, "बाई, औंदा बी कपडा जास्त लागते तुमाले." दुसऱ्या कोणी म्हणलं असतं तर मी त्याची जीभ हासडली असती. सईदाचं चालते. मले सख्खी बहीण नाई. तीच होती म्हणा.

औंदा गाडी तेल टपकवाले लागली. अंगणात जिथी उभी राहे तिथी काळा डाग. नईमचं गॅरेज आलापल्ली रोडवर हाय. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक जाऊन-जाऊन तिथी साऱ्या सामानावर लाल धूळ बसते, पण माणूस कामाचा. तोंडानं मात्र फटकळ. त्यानं इंजन खोललं, सारे गास्केट बदलवले, तेल अडवणारं मांगचं मोठं सील नवं टाकलं, अन् गाडी परत आणून दिली. तरी एका नळीतून थेंब पडेच. इंजनच्या बाजूनं खाली रोडकडं उतरते ती नळी.

"भाऊ, जुनी गाडी हाय. थेंब-दोन थेंब टाकनच," नईम बुढ्याले म्हणे. "खाली डबा बांधून देतो. पण त्या नळीले हात नका लावू."

हे बोलणं मी चुलीजवळून आयकलं अन् मले आला राग. नईम गेल्यावर मी बुढ्याले म्हणलं, "डबा बांधून मिरवणूक काढता का? समोर फोटो अन् खाली लटकते डबा! एकही थेंब पडाले नाई पाहिजे. पांढऱ्या साड्या हाय आमच्या."

"नाई पडत," बुढा म्हणे. "मी पाहतो ना."

अन् जयंतीच्या दिवशी खरंच नळीतून थेंब नाई पडला. मी वाकून पाहिलं अन् खुश झाली.

ऊन असं का डांबर पायाले चिकटे. गाडी पयल्या गेरमधी, माणसाच्या चालीनं. बँड वाजून राह्यला. बसस्टँडच्या वळणावर जळक्या तेलाचा वास आला, मंग बोनेटखालून निळा धूर. अन् मंग गाडीच्या पोटातून तेलाची धारच लागली. थेंब नाई, धार! ढोलवाल्याचा आवाज, जयजयकार, त्यात कोणाले काई समजे नाई. साडीचे काठ तेलातून ओढत आम्ही चाललो. माया बाजूची ठमाबाई पाय घसरून अशी पडली का हाताले सूज आली. मांग वळून पाहतो तर साऱ्या बायाइच्या साड्या खालून काळ्या, अन् दोन्ही बाजूनं पोट्टे मोबाईलवर शूटिंग काढून राह्यले. हसून राह्यले मेले.

बाबासाहेबाचा फोटो उतरवून मोहल्ल्यातल्या पवनच्या ट्रॅक्टरवर ठेवा लागला. ॲम्बॅसेडर रोडच्या कडंले. बुढा बोनेट उघडून नुसता उभा. मले वाटे धरणीनं पोटात घ्यावं. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहतो, त्याच दिवशी आमच्या घरच्या गाडीनं साऱ्याइच्या अंगावर घाण उडवली.

मंग बाजाराच्या दिवशी माया तोंडाचा पट्टा सुटला. सईदाचं दुकान भर बाजारात, कपडेवाल्याइच्या रांगेत. बाया आधीच तिथी जमल्या होत्या, आशाबाई, हात गळ्यात बांधून ठमाबाई. सईदा उठली, म्हणे, "बाई, साड्या आणून द्या, मी रॉकेलनं डाग काढून पाहतो."

"डाग कायचे काढतं?" मी म्हणलं. "तुया नवऱ्यानं नवं सील सांगून जुनंच बसवलं! चोर हाय तो!"

"बाई, नईम असं नाई करत."

"करते! तुमच्या लोकायचं असंच असते!"

माया आवाज लहान नाई. पार भाजीवाल्याइपोत गेला. नवऱ्याले चोर म्हणलं तवा सईदा नाई डगमगली, पण ह्या शब्दावर तिचं तोंड उतरलं. खाली बसली अन् ब्लाउजच्या घड्या कराले लागली. बाया "हो ना, हो ना" करून राह्यल्या. मी घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी. आंबाडीची भाजी केली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आता सांगतांनीही तोंडाले कडू लागते.

त्याच्यानंतर नईमच्या गॅरेजसमोर आपल्या मोहल्ल्याच्या मोटरसायकली दिसणं बंद झालं. चार-पाच दिवसानं तोच आमच्या अंगणात उभा. हातात रॉकेलचा डबा, ब्रश, अन् सईदाच्या दुकानातली खडूची पावडर. चहा म्हणलं तर नको म्हणे.

"गाडी दाखवा, बाई. माया नावाचं काम हाय."

त्या दिवशी ढकलून आणलेली गाडी अंगणातच उभी होती, बुढ्यानं बोनेट उघडून देलं. नईमनं सारं इंजन रॉकेलनं धुतलं, सुकवलं, वरून पावडर मारली. पांढऱ्या पावडरवर तेल कुठून येते ते दिसते. तेल भरून गाडी चालू केली. आम्ही तिघंही वाकून पाहून राह्यलो. वरच्या झाकणातून तेल आलं. बाजूच्या पत्र्यातून आलं. समोरून आलं. मांगून आलं. तेल मोजाची डिपस्टिक तर आपोआप वर उचलली गेली.

"एका जागून आलं असतं तर मायं सील खराब," नईम म्हणे. "हे चहूकडून येऊन राह्यलं. इंजनचा दम कोंडला हाय."

गाडी बंद केली, खाली सरपटला, पक्कड त्या नळीत घातली अन् ओढाले लागला. बाहेर निघाला कपडा. तेलानं काळा झालेला, चांगला हातभर. शेवटी त्याचा काठ निघाला. निळा काठ, बारीक पांढरी बुट्टी. माही मांगच्या सालची जयंतीची साडी. फाटली म्हणून गाडी पुसाले मीच बुढ्याले फाडून देली होती.

नईमनं तो बोळा बुढ्याच्या पायाजवळ टाकला.

"भाऊ, हे काय हाय?"

बुढ्याचं तोंड पाहवत नव्हतं. "थेंब पडे ना," म्हणे. "बायाइच्या साड्या खराब होतीन म्हणून मी..." अन् मायाकडं पाहिलं. बस, पाहिलं.

एकही थेंब पडाले नाई पाहिजे असं बोलली कोण? मीच. कपडा देला कोणं? मीच. इंजनले श्वास घ्याले जी नळी, तीच आम्ही दोघांनी मिळून बुजवली, मंग तेल बिचारं जिथी वाट भेटली तिथून निघालं. अन् मी भर बाजारात दुसऱ्याच्या माणसाले चोर ठरवलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. नईमनं हात पुसले, डबा उचलला अन् निघून गेला. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

"संध्याकाळी पेढे घेऊन त्याच्या घरी जाऊ," बुढा म्हणे. "आपसात मिटवून टाकू. लोकाइले कायले समजाले पाहिजे?"

"काऊन?" मी म्हणलं. "शिव्या बाजारात अन् माफी घरात?"

"बायने, लोक हसतीन."

"हसू दे. नईमले लोक चोर म्हणून राह्यले."

बोलाले बोलली, पण बाजाराच्या दिवशी पाय उचलत नव्हता. दोनदा घरून निघाली अन् वापस आली. लाज काय असते हे मले या वयात समजलं. ओळखीचं माणूस दिसलं का गल्ली बदलावशी वाटते. पण मले सईदा परत पाहिजे होती. तिच्या चहाबिना घर खाऊन टाके मले.

गेली. कपडेवाल्याइच्या रांगेत, भर गर्दीत उभी राह्यली. सईदानं वर पाहिलं नाई.

"ओ आशाबाई! ठमाबाई! इकडं या!" मी आवाज देला. बाया जमल्या, पोट्टे जमले, बाजूचा बांगड्यावाला उभा राह्यला. "नईमचं सील नवंच होतं. खोट त्याची नाई. आमच्या बुढ्यानं गाडीच्या नळीत माया साडीचा बोळा कोंबला होता. अन् थेंब पडू नोको देऊ म्हणून त्याच्या मांग लागली होती मी. नईमले चोर म्हणलं, ते मी खोटं बोलली."

मंग ठमाबाईलेच हसू आलं. "अवं माय! गाडीच्या नाकात बोळा!" म्हणे. मंग आशाबाई हसली, बांगड्यावाला हसला, अन् साऱ्या रांगेत बुढ्याच्या नावानं खिदळणं सुरू झालं. मलेही हसू आलं, काय लपवू. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. मी सईदाच्या बाजूले पोत्यावर बसली, तिच्या मांडीवर हात ठेवला.

"झालं ना आता, सईदा?"

तिनं माया हात नाई झटकला. गिऱ्हाइकाचा परकर घडी करून ठेवला अन् हळूच म्हणे, मले एकटीलेच आयकू येईन असं, "चोराचं झालं, बाई. ते बुढ्याच्या माथी गेलं. दुसरं?"

"दुसरं कोणतं?" मी म्हणलं, पण मले माहीत होतं.

"तुमच्या लोकायचं असंच असते."

लहानपणी गोंडपिपरीत आम्ही विहिरीवर गेलो का एक बाई तोंड वाकडं करून असंच बोले. तुमच्या लोकायचं असंच असते. माय मले हात धरून घरी आणे अन् दिवसभर बोले नाई. तोच शब्द मी जपून ठेवला होता का काय पोटात, अन् टाकला कोणावर, तर ज्या हातानं माही पांढरी साडी दरसाल शोभते त्याच हातावर. तो शब्द काई बुढ्यानं कोंबला नव्हता. तो मायाच तोंडातून निघाला.

"ते मीच बोलली, सईदा," मी म्हणलं. "त्याले कोणतंच कारण नाई."

सईदानं मान हालवली. माफ केलं असं म्हणली नाई, नाई केलं असंही म्हणली नाई. एक बाई ब्लाउज पाहाले आली, तिले भाव सांगू लागली. बाकी बाया अजून बुढ्यावर हसून राह्यल्या होत्या. मी उठली नाई. तिथंच पोत्यावर, तिच्या बाजूले, मान खाली घालून बसून राह्यली.