कोणी न दाबलेलं बटण

लुसुंगूला जिल्हा हॉस्पिटलात सगळे ‘बटणवाली’ म्हणत. तिचं कामच तसं होतं. पेशंटच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर होत होत्या, आणि त्यातल्या ज्या सोयींकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, त्या तिने वॉर्डावॉर्डात जाऊन सगळ्यांच्या गळी उतरवायच्या. नर्सेस तिला बघितलं की हसायच्या. “आली बघा. आज काय दाबायचंय, बाई?”

त्या सोमवारी ती बायकांच्या वॉर्डात गेली ती ‘मृत्यू’ या बटणासाठी. वॉर्ड म्हटला की माणसं जायचीच, पण हे बटण तिथे एकदाही दाबलं गेलं नव्हतं. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर न्यांगुलू. त्या दर वेळी त्याच्या शेजारचं दाबत: ‘मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं’.

“सिस्टर, अहो, हे खोटं आहे.”

“असू दे खोटं. माझ्या बोटाने मी कोणाला मेली म्हणणार नाही. उद्या बोट झडलं तर तुझं देशील का?”

“पण ते दाबलं ना, की चौकशीच्या खिडकीवर सूचना येते. नातेवाइकाला काही सांगू नका, आधी बसवा, सिस्टरना बोलवा. किती बरं आहे ते.”

“नातेवाईक कशाला येतील चौकशीला? मेलेलं माणूस तेच तर गाडीत घालून नेतात.”

सगळ्या खो खो हसल्या. लुसुंगूही हसली. खरं तर तिने तिथे हट्ट धरायला हवा होता, वर साहेबांच्या कानावर घालायला हवं होतं. पण सिस्टर न्यांगुलूंशी वाकडं घ्यायची छाती कोणाची? सिस्टरनी पुढे केलेला चहा पिऊन ती पुढच्या वॉर्डाकडे वळली.

शुक्रवारी सकाळी खिडकीवरचा कारकून चहाला गेला म्हणून ती त्याच्या जागी बसली. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेहून येणारी बस फाटकाशी थांबली आणि एक माणूस उतरून धावतच आला. अंगावर प्रवासाची धूळ, खांद्यावर भलीमोठी पिशवी.

“अमायी, बाई, माझी बायको इथे आहे. फालेसी. मी लॅक्सन, जोहान्सबर्गला असतो. मेव्हण्याचा फोन आला, फार आजारी आहे, असशील तसा ये.”

आमच्याकडे फोनवर मरण सांगत नाहीत. ‘फार आजारी आहे’ म्हणायचं. माणूस घरी पोचला की मामाने जवळ बसवून खरं सांगायचं. लुसुंगूला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. सिस्टरांची खोड तर तिने चारच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिली होती. पण नाव टाकताच झटकन उत्तर आलं, आणि त्या कौतुकात बाईची अक्कल कुठे चरायला गेली कोण जाणे.

“राजधानीला, लिलाँग्वेच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलंय, भाऊ.”

“म्हणजे आहे ना ती?”

“आहे की. तिथे चांगले डॉक्टर आहेत.”

त्याचा जीव भांड्यात पडला. गजांतून हात घालून त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मिनीबसकडे पळाला. लुसुंगूला स्वतःचा अभिमान वाटला.

थोड्या वेळाने फालेसीचा भाऊ आला. तो इतका वेळ बसस्टँडवर लॅक्सनची वाट बघत ताटकळला होता.

“आमचा दाजी इकडे उतरला का? फालेसी मंगळवारी इथेच गेली. काल शवागारातून घरी नेली तिला. आज माती द्यायची, गाव खोळंबलंय त्याच्यासाठी.”

लुसुंगू ताडकन उठली. ती थांब्यावर धावली, मिनीबस गेलेली. लॅक्सनचा फोन तिकडचा, इथे लागेना. लिलाँग्वेला फोन केला; पलीकडच्या बाईने निरोप घेतला, पण त्या गर्दीत ती त्याला ओळखणार कशी?

“उद्यापर्यंत नाही का थांबता येणार?” तिने हात जोडले.

“कबर खणून झालीय, अमायी. उघडी कबर रात्रभर ठेवत नाहीत.” मग तो हलकेच म्हणाला, “तुमचा काय दोष? लिहिलेलं तेच वाचलंत.”

यावर तिला रडूच कोसळलं. तिने सिस्टर न्यांगुलूंना जाऊन सगळं सांगितलं. सिस्टर आपल्या त्या बोटाकडे बघत राहिल्या.

शनिवारी खिडकीवर लुसुंगूच बसली होती, आणि लॅक्सन परत आला. तोच शर्ट, तीच पिशवी. रागावलेलाही नव्हता.

“अमायी, ती तिथे नाहीये. पुन्हा एकदा बघता का?”

लुसुंगूने पडद्याकडे पाहिलं नाही. ती बाहेर आली, त्याला आंब्याखालच्या बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. मामाने सांगायचं ते तिने सांगितलं. मी तुला चुकीचं सांगितलं, हेही सांगितलं.

त्याने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

“पुरली?”

“काल.”

“माझ्यासाठी थांबले नाहीत?”

“थांबले, भाऊ. ऊन उतरेपर्यंत थांबले.”

त्याने मान हलवली. “तेव्हा मी लिलाँग्वेला, तिथल्या बायकांच्या वॉर्डात होतो. तोंडावर पांघरूण घेऊन एक बाई झोपली होती, अंगाने अगदी फालेसीसारखी. मी उशाशी बसून राहिलो. म्हटलं, दमलीय, उठवायला नको.”