सुलाबाईंची पट्टी

मेढ्याच्या चर्चमध्ये कापणीचं गीत सुलाबाई उचलायच्या. उचलायचं म्हणजे पहिली ओळ एकटीनं म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं. त्यांच्या आधी हा मान त्यांच्या सासूबाईंचा होता. पट्टी कुठली, हे कुणी कधी विचारलं नाही. सुलाबाई जिथून सुरू करतील ती पट्टी. शांतवन गुरुजी पेटीवर बोटं फिरवत त्यांचा सूर शोधायचे, सापडला की भाता जोरात हलवायचे, आणि गाणं मार्गी लागायचं.

यंदा मात्र पियानो आला. सांगलीच्या चर्चनं नवा घेतला आणि जुना मेढ्याला दिला. टेम्पोतून उतरवताना तो चादरींत गुंडाळलेला होता. ते पाहून एका पोरानं हळूच विचारलं, "गुरुजी, कोण वारलं?"

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, पण शिकवणं काही सुटलेलं नव्हतं. मिरजेला नोकरीत असताना ते पियानो शिकले होते. त्यांनी पावसाळाभर बसून 'भरलं सूप, देवा' हे ते कापणीचं जुनं गीत नव्यानं बांधलं. मूळ चाल बायकांकडे, तिच्यावर पोरांचे वरचे सूर, खाली पुरुषांचा भरीव आवाज. आणि सगळ्यांच्या आधी पियानोची लांबलचक सुरावट, ओढ्याला पाणी यावं तशी. ही सुरावट गुरुजींची लाडकी होती. कापणीच्या सणाला सांगलीचा गायकवृंद पाहुणा येणार होता. आपल्या पियानोचं इथं काय झालं, ते त्यांना कळायला हवं होतं.

पहिल्या सरावाला गावातल्या अंकितानं सुरावट छान वाजवली. ती साताऱ्याला वसतिगृहात राहून पियानो शिकलेली. गीत बसवलं होतं पांढरी चारच्या पट्टीत. सुलाबाईंनी पहिली ओळ उचलली, ती त्याच्या अर्धा सूर खाली. त्यांना कमी ऐकू यायचं. पियानो कुठं आणि सुलाबाई कुठं! पोरं तोंडावर हात ठेवून हसली.

"मावशी, जरा वर," गुरुजी म्हणाले.

सुलाबाईंनी वर घेतलं. ते जरा जास्तच वर गेलं. पोरं पुन्हा हसली. सुलाबाईंना हसण्याचा आवाज ऐकू आला नाही तरी तोंडं दिसत होती.

"तुमी म्हणा, मी ऐकते," असं म्हणून त्या बाकावर बसल्या. पुढच्या सरावाला त्या आल्याच नाहीत.

गुरुजी त्यांच्या घरी गेले. सुलाबाई त्यांच्या सख्ख्या मावशी. त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"मावशी, सराव हाय."

"असू दे की. घसा बसलाय."

"आत्ता कोंबडीला हाकललंस ते पार पुलापातुर ऐकू आलं."

सुलाबाई हसल्या नाहीत. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "शांतवन, तुजी पेटी माज्या मागं यायची. ह्यो तुजा काळा पेटारा म्हणतोय, माज्याच मागं या. मला त्यो ऐकूच येत न्हाई, तर मी कशी जाऊ त्येच्या मागं? पोरांफुडं हसं करून घ्यायचं व्हय आता या वयात?"

गुरुजी विचार करत घरी परतले. सुलाबाईंनी उचललं नाही तर गीत सुरेख होईल, सांगलीकर टाळ्याही वाजवतील, पण ते मेढ्याचं राहणार नाही. दोन दिवस ते लाडक्या सुरावटीकडे बघत बसले. मग पेन्सिल घेऊन ती सगळी खोडली.

"अंकिता, सुरुवातीला पियानो नाही. मावशी उचलतील, आपण मागून जायचं."

"पण आज्जी कुठल्या पट्टीत उचलणार, गुरुजी?"

"ते त्यांनाही ठाऊक नसतं."

"म्हणजे मी बाराही पट्ट्यांत बसवू?"

"तीन पुरतील. थंडी असली तर पांढरी तीन, एरवी पांढरी चार, आणि स्वारी खुशीत असली तर काळी तीन."

अंकिता पुटपुटत कामाला लागली. पोरांना गुरुजींनी पियानोपासून लांब, चिंचेखाली बसवलं. सूर शिकवले ते सारेगमच्या भाषेत. मग खेळ काढला. कुणीही एकानं मनाला येईल तिथून सा लावायचा, बाकीच्यांनी तिथूनच आपली ओळ उभी करायची. एक पोरगं मुद्दाम म्हशीसारखा खर्ज लावायचं आणि सगळी हसत लोळायची. पण हसून झालं की ओळ बरोबर उभी राहायची. शेवटी तीच पोरं सुलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आज्जी, तुमी कुठूनबी म्हणा. आमी येतो मागनं."

सुलाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "हसनार न्हाई ना रं?"

"हसू. पण गाऊन झाल्यावर."

सणाच्या दिवशी वेदीपुढं भाताच्या ओंब्या, नाचणी, भोपळे मांडले होते. कुणीतरी पाय बांधून आणलेला कोंबडा प्रार्थनेत मधूनच आमेन म्हटल्यासारखा ओरडत होता. पहिल्या रांगांत सांगलीकर बसले होते, एकसारख्या निळ्या साड्या आणि पांढरे सदरे. सुलाबाई उठल्या. एवढे पाहुणे बघून त्यांना चेव आला. त्यांनी छाती भरून ओळ उचलली, ती थेट काळी चारमध्ये!

अंकितानं डोळे मोठे करून गुरुजींकडं पाहिलं. हे तिच्या तिन्हींत नव्हतं. गुरुजींनी तिला तळहात दाखवला, थांब. आणि पोरांकडं बघून मान हलवली.

पोरं आली. एवढ्या वरच्या पट्टीत त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, पण सूर हलला नाही. खालून पुरुष आले. पहिलं कडवं पियानोशिवायच भरून निघालं. तोवर अंकितानं काळी चारचा सा धुंडाळला होता. दुसऱ्या कडव्यात तिनं डाव्या हातानं फक्त सा आणि पंचम धरला, खोल, सावकाश, जात्याच्या घरघरीसारखा. शेवटच्या कडव्यात उजवा हातही धीटपणे उतरला. सुलाबाईंचं लक्ष तिकडं नव्हतंच. डोळे मिटून त्या पुढं चालल्या होत्या आणि अख्खं चर्च त्यांच्या मागं.

जेवणाच्या पंगतीत सांगलीचा गायकवृंद बसवणारे ऋषिराज सर गुरुजींशेजारी बसले. "पियानो उशिरा आणायची कल्पना भारीच, गुरुजी. आम्हालाही हे बसवायचंय. पट्टी कुठली धरू?"

"ते उचलणाऱ्याला विचारा," म्हणत गुरुजींनी पलीकडं बोट दाखवलं.

सुलाबाईंच्या कानाशी जाऊन ऋषिराज सरांनी मोठ्यानं तोच प्रश्न विचारला.

"पट्टी व्हय?" सुलाबाई पुरणपोळीचा घास गिळून म्हणाल्या. "आज जरा घसा धरला हुता म्हणून खालीच घेतलं. फुडच्या वर्साला आनखी वर घीन."

समोर बसलेल्या अंकितानं ते ऐकलं आणि पान अर्धं टाकून ती हात धुवायला उठली.

"कुठं निघालीस गं?" गुरुजींनी विचारलं.

"पियानोकडं," ती म्हणाली. "वर्षच आहे हातात."