उतारावरची झाडं

फ्रिज घुर्र करून सुरू झाला आणि दुपारची शांतता मोडली. तिने आधी पोरीकडे पाहिलं. पोर कूस बदलून पुन्हा झोपली. मग तिने जड डोळ्यांनी आकड्यांत डोकं घातलं.

दलदलीतली झाडं खोडातून मिथेन सोडतात. जमिनीतला वायू मुळांवाटे वर चढतो आणि सालीतून हवेत जातो. कोरड्या उतारावरची झाडं मात्र हवेतला मिथेन थोडाथोडा गिळतात, निदान गिळायला हवा. तिच्या आकड्यांत मात्र त्यांतली काही झाडंही मिथेन सोडत होती. इतके दिवस रानात काढून हाती लागलेलं हे एकच नवल, आणि संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडम त्यावर जाम खूश होत्या.

पण हे उताराच्या अगदी टोकाच्याच झाडांवर का दिसावं? तिथे वायू गोळा करायची डबी खोडाला आवळायचा पट्टा तुटला होता. मग तिने प्रत्येक झाडाला मिठी मारून, गाल सालीला टेकवून, डबी हातांनीच दाबून धरली होती.

म्हणजे तिचं तोंड डबीच्या अगदी जवळ होतं.

साफसफाईसाठी घरी आणलेलं मिथेन मोजायचं यंत्र तिने सुरू केलं आणि नळीच्या तोंडाशी श्वास सोडला. आकडा सरसर चढला.

"काय चाललंय?" नवरा ओले हात पुसत आला.

"यात फुंकर मार."

त्याने मारली. आकडा जागचा हलला नाही.

"म्हणजे मी पास?"

"काही माणसांच्या पोटात मिथेन होतो, तो श्वासातून बाहेर पडतो. तुझ्या होत नाही. माझ्या होतो."

"तरीच म्हटलं, घरात कसला वास येतो."

"त्याला वास नसतो."

ती हसली नाही, तसा तो खुर्ची ओढून बसला. "कुणाला कळणार आहे?"

"झाडांच्या नावावर माझा श्वास खपवू?"

"नको. पण मग ती सगळी झाडं पुन्हा मोजायला जावं लागणार. आणि हिला शब्द दिलायस तू, यंदा आता कुठे जाणार नाही म्हणून."

"माहितीये रे."

तिने मॅडमना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "नवा पट्टा घेऊन जा," मॅडम म्हणाल्या, "आणि एक जास्तीचाही."

फोन ठेवून वळली तर पोर उठून मागेच उभी. गालावर उशीचे वळ.

"परत झाडांकडे चाललीस?"

"हो गं बाळा. चुकलं माझं, नीट करून येते." तिने पोरीला मांडीवर ओढलं. मांडीवर आता ती पुरती मावतही नव्हती.

पोरीने जिभेने पुढच्या दातांमधली फट चाचपली. "मागच्या वेळी तू आलीस तेव्हा माझा दात पडून गेलेला. आता तू नसताना माझं काय काय होईल?"