नीतीच्या तासाची अर्धी सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. खरे सांगायचे तर सतरंजीचा अर्धा भाग. मित्रांनो, माझा दुसरा अर्धा भाग कोठे आहे हे मला ठाऊक नाही.

निजामाच्या राजवटीत युसूफ वडगावच्या बाजारातून रुद्रप्पा नावाच्या सात्त्विक दुकानदाराने मला विकत घेतले आणि आपल्या दिवंगत मातेच्या स्मरणार्थ जवळच्या एका लहान गावातील शाळेस अर्पण केले. तेथे मुले माझ्यावर मांडी घालून बसत. शहादेव आणि दस्तगीर हे दोघे मित्र माझ्या मधल्या निळ्या पट्ट्यावर बसत, दोघांत एकच दऊत ठेवून. ती एकदा कलंडली. शाळा झाडणाऱ्या साखराबाईने मला ओढ्यावर कितीही आपटले, तरी तो शाईचा डाग गेला नाही. गावकुसाबाहेरची मुले पायरीवर बसत. ते मला दिसे. परंतु त्याविषयी कोणताही पाठ नव्हता.

पुढे वरून हुकूम आला. रोज एक तास मुसलमान मुलांनी मौलवीसाहेबांकडे धर्म शिकावा आणि उरलेल्यांनी त्रिंबक मास्तरांकडे नीती. मौलवीसाहेब आपली मुले घेऊन ओसरीवर, उघड्या जमिनीवर बसू लागले.

एके दिवशी मास्तर शिकवीत होते की, जे आपल्यापाशी आहे ते वाटून घ्यावे, हीच नीती. तेव्हा शहादेव उठून म्हणाला, "मास्तर, मग दस्तगीर तिकडं मातीत का म्हून बसलाय?"

मास्तर सज्जन होते. ते लाजले. दुसऱ्या दिवशी ते कातर घेऊन आले.

"राहू द्या, मास्तर," मौलवीसाहेब म्हणाले. "जमीन बी खुदाचीच हाय. तासाभरानं पोरं परत तुमच्यातच येत्यात."

"नाही, मौलवीसाहेब. शिकवलं ते करून दाखवलं पाहिजे."

साखराबाईने झाडू टेकवला. "अवो मास्तर, आज तुमी बसा, उद्या ते बसतील. एवढं लई शिकलाव, आन् पाळी लावाय येईना व्हय?"

"अर्धं अर्धं, हाच न्याय," मास्तर म्हणाले.

कातर निळ्या पट्ट्यावरून, शाईच्या डागाच्या मधून गेली. मला वेदना झाल्या नाहीत. सूत तुटताना होतो तेवढाच आवाज झाला.

तपासनीस आले, त्यांनी शेरेबुकात मास्तरांची स्तुती लिहिली. रुद्रप्पा म्हणाले, "आईचं पुण्य दोन्हीकडं पोचलं." परंतु नीतीचा तास संपून सारी मुले आत आली, तरी माझे दोन तुकडे जुळेनात. ते वेगळे ठेवा, असे कोणी सांगितले नव्हते. गणिताच्या तासालाही मुले आपापल्या तुकड्यावर बसू लागली. शहादेव मधल्या रिकाम्या जमिनीवरून दस्तगीरकडे दऊत सरकवीत असे. मग एक दिवस दस्तगीरने स्वतःची दऊत आणली.

"माझी शाई सरली न्हाई बे अजून," शहादेव म्हणाला.

"असू दे. आमची हाय की आता."

शहादेवने दऊत मागे ओढली. त्यानंतर ती सरकली नाही.

पुष्कळ वर्षांनी, शाळा सोडून जाताना, म्हाताऱ्या मास्तरांनी साखराबाईस विचारले, "हे शिवून देशील का गं?"

"शिवंन की. दुसरा तुकडा आना."

तो कोणासही सापडला नाही. मास्तरांनी माझी घडी घातली आणि ते गेले. तेव्हापासून मी कोपऱ्यात तशीच पडले आहे.

मित्रांनो, तुमचे गुरुजी नीतीचा पाठ देतील तेव्हा तो मनोभावे ऐका. पाठ चांगला असतो. मी तो रोज ऐकला आहे. मात्र ऐकण्यापूर्वी आपल्या शेजारी कोण बसले आहे ते पाहा, आणि कोण बसायचे राहिले आहे तेही. कधी मला झटकून अंथरलेत, तर माझ्या कडेला शाईचा अर्धा डाग दिसेल. तो धुऊ नका.