गुदगुल्या करणारा घोडा

मुलांनो, जरा डोळे मिटा. कालपर्यंत रिकामं असलेलं एक मैदान, आणि आज तिथे फिरता आनंदमेळा उतरलाय. एका टोकाला काकांचा आकाशपाळणा, दुसऱ्या टोकाला बाबांचं घोड्यांचं चक्र. मध्ये उभी आहे या बाबांची दहा वर्षांची मुलगी. कुठलीही गोष्ट पटकन झोंबते, म्हणून सगळे तिला मिरची म्हणतात.

यंदा झोंबण्यासारखंच घडलं होतं. आकाशपाळण्याला वीज तोडणारी नवी पेटी बसली होती. कुठे वीज गळाली, की पेटी आपणहून दिवे बंद करायची. रोज फाटक उघडण्याआधी काकांची मुलगी पेटीवरचं चाचणीचं बटण दाबून बघायची. खट्! दिवे जायचे, पुन्हा लागायचे, आणि बाहेरची गर्दी टाळ्या वाजवायची. इकडे मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल.

तशीच पेटी बाबांसाठीही आली होती. ती तिकिटांच्या टेबलाखाली खोक्यातच पडून होती.

"दादाने लावली म्हणून मीही लावू?" बाबा म्हणायचे. "इतकी वर्षं माझं काही अडलं नाही."

एके दिवशी मिरचीला हुकमाचा एक्का सापडला. पांढऱ्या घोड्याच्या लोखंडी दांड्याला हात लावला, की बोटांना मुंग्या येत.

"आमचा घोडा गुदगुल्या करतो!" तिने हाळी दिली. बघता बघता रांग लागली. पाळण्याखालून चुलत बहीण टकामका बघत होती. मिरचीच्या जिवाला कसं गार वाटलं!

तेवढ्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण. मेळ्याचं सगळं वायरिंग तीच करायची.

"कसली गं रांग?"

"गुदगुल्यांची. दांडा धरला की होतात. काकांकडे नाहीत हं!"

आत्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. घोडे थांबले.

"ताई, ऐन गर्दीत?" बाबा वैतागले.

"अरे, दांड्यात वीज उतरलीय. तू धूळ बसवायला पाणी मारलंयस, आणि रांगेतलं ते पोर बघ, अनवाणी आहे." तिने आपला अंगठा पुढे केला. "आपण लहानपणी उघड्या तारा काड्या खोचून प्लगच्या भोकांत बसवायचो. तेव्हाच्या झटक्याने हा अंगठा अजून बधिर आहे. तेव्हा पेटी नव्हती. आज आहे, ती तू खोक्यात ठेवलीस. हेवा तुझा, आणि झटका त्या पोराला?"

बाबा त्या चिखलाने भरलेल्या इवल्या पायांकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी खोकं बाहेर ओढलं.

"चल, बसवू. आज चक्र बंद."

मुलांनो, हेवा कुणाला वाटत नाही? मलाही वाटलाय. पण चांगली गोष्ट केवळ दुसऱ्याने आधी केली म्हणून आपण नाकारली, तर त्याची किंमत भलताच कुणी मोजतो. आणि कुठल्या यंत्राला हात लावून मुंग्या आल्या, तर हसू नका. हात काढा आणि मोठ्यांना सांगा.

आणि मिरची? ती रांगेसमोर उभी राहिली.

"घोडा आजारी आहे," ती म्हणाली. अनवाणी पोराचा हात धरून ती सगळी रांग आकाशपाळण्याकडे घेऊन गेली. तिथे बहिणीच्या कानाला लागून तिने हळूच विचारलं, "ते बटण कसं दाबायचं, मला शिकवशील?"