दीड रेघेचं पाणी

भावजय बर्नाडेटने डॉलर चकचकीत करून आणला होता. नुसता पुसून नव्हे, चांदीच्या चमच्यांना लावायची पेस्ट लावून, कापडाने खसाखसा घासून. क्लेम एटमान्स्कीने तो हातात घेतला आणि लगेच उजेडाकडे धरला.

"बर्नी, हे काय करून ठेवलंस?"

"घाण झाला होता. तुझा भाऊ जाताना म्हणाला, क्लेमला दे. मग तुला काय काळाकुट्ट देऊ?"

"काळाच हवा असतो! नाणं घासायचं नाही, हे या घरात लग्न करून आल्यावर पहिल्या आठवड्यात कळतं माणसाला."

"तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतात," बर्नाडेट कोट काढत म्हणाली. "त्या कलकलाटात मला काही ऐकूच यायचं नाही."

 दोघा भावांचं बोलणं बंद होऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि ते याच डॉलरवरून.

१९५५ सालचा चांदीचा डॉलर. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला होडी वल्हवणारे दोघे. होडीच्या उजव्या टोकाशी पाण्याच्या तीन रेघा असतात. टाकसाळीत एक ठसा गरजेपेक्षा जास्त घासला गेला आणि त्यावरून पडलेल्या नाण्यांवर जेमतेम दीडच रेघ उरली. अशा डॉलरांना नदीच्या खालच्या अंगाच्या आर्नप्रायर गावाचं नाव पडलं आहे. क्लेमच्या भावाला, अ‍ॅम्ब्रोजला, तो मिळाला तेव्हा तो नाचतच चर्चच्या तळघरात, नाण्यांच्या क्लबात आला होता. क्लबातली सगळ्यात तीक्ष्ण नजर क्लेमची. त्याने भिंग लावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "रेघा ठशात गेलेल्या नाहीत. बोटाने घासल्यात."

"अंगठा फिरवायची सवय आहे मला," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "पण रेघा आधीपासूनच नव्हत्या."

लोक हसले. अ‍ॅम्ब्रोजने टोपी घातली आणि तो निघून गेला. तेव्हापासून दोघे एकाच चर्चमध्ये, पण दोन टोकांच्या बाकांवर.

आता अ‍ॅम्ब्रोज नव्हता, आणि बर्नाडेटच्या पेस्टने उरलासुरला पुरावाही धुऊन नेला होता. रेघांच्या जागी टाकसाळीची मूळ झळाळी होती की नव्हती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. इथेच थांबता आलं असतं. क्लेमच्या मनात ते आलंही. तरी त्याने खुर्ची खिडकीशी ओढली आणि भिंग डोळ्याला लावलं.

बाहेर गोठलेल्या तळ्यावरून उजेड उसळून येत होता. नाणं जरा कललं की तो उजेड चांदीवरून सरकायचा आणि होडी हलल्यासारखी व्हायची. मागे आकाशात ध्रुवप्रकाशाच्या बारीक रेघा, बेटावरची झाडं. पुढचा माणूस वाकलेला, मागचा वल्ह्याचंच सुकाणू करून. त्या दोघांच्या होडीतही मागे नेहमी अ‍ॅम्ब्रोजच बसायचा. मादावास्का नदीवर पहाटे धुकं असायचं, वल्ह्याचा आवाज आधी यायचा आणि वल्हं नंतर दिसायचं. "डावीकडे बघू नकोस, समोर बघ," अ‍ॅम्ब्रोज म्हणायचा. किती वेळ गेला, क्लेमला कळलं नाही. त्या गुळगुळीत जागेत पाणी नव्हतं, नुसती लख्ख शांतता होती, आणि होडी तिच्यात शिरत होती.

"तुम्ही सगळे होडीलाच का चिकटता रे?" बर्नाडेट म्हणाली. "मला तर राणीनेच छळलं. त्या अक्षरांत पेस्ट अडकली ती निघता निघेना. दात कोरायची काडी घेऊन बसले होते."

"कुठल्या अक्षरांत?"

"माझ्या चष्म्यातून काय तेवढं दिसतं? तूच बघ."

क्लेमने नाणं उलटलं. एकतीस वर्षांपूर्वी त्याने ते उलटलंच नव्हतं. आर्नप्रायर म्हटलं की होडीची बाजू बघायची, रेघा मोजायच्या आणि खाली ठेवायचं. सगळेच तसं करायचे.

राणीभोवतीच्या मजकुरातल्या टी आणि आय या दोन अक्षरांच्या माथ्यांना जोडणारा केसाएवढा उंचवटा होता. त्याच्या कडेला पेस्ट पांढरी धरून बसली होती, म्हणूनच तो एवढा ठळक दिसत होता. राणीच्या ठशाला चीर गेली होती, तिच्यात चांदी शिरली होती. हा तडकलेला ठसा त्या दीड रेघेच्या ठशाबरोबरच वापरला गेला होता, हे क्लेमला पाठ होतं. अंगठ्याने चांदी झिजते, उंचवटा उगवत नाही.

त्याने भिंग खाली ठेवलं.

"बर्नी, तो खरं बोलत होता."

 तिने उठून चहाचं पाणी ठेवलं, मग शेगडी पुन्हा बंद केली.

"हे तू त्याला सांगायला हवं होतंस," ती अखेर म्हणाली.

"हो." क्लेमने डोळे चोळले. "रविवारी क्लब आहे. तेव्हा सगळ्यांदेखत बोललो होतो, आता सगळ्यांदेखतच सांगतो."

"सगळे म्हणजे कोण? त्यातला स्टॅन शुलिस्ट तेवढा उरलाय, आणि त्याला ऐकू येत नाही."

"मग ओरडून सांगेन. तू चल."

"मी? नाणं घासणारी म्हणून मला दारातच अडवतील."

"अडवू देत. मी म्हणेन, घासलं म्हणून दिसलं."

बर्नाडेटने डॉलर उचलला, खिडकीकडे धरला. उजेड तिच्या बोटांवरून खाली ओघळला.

"तो मागे बसायचा ना?" तिने विचारलं.

"मागे. सुकाणूवर."

"मग हा," ती म्हणाली, आणि त्या माणसावरून तिने अंगठा अलगद फिरवला. क्लेमने तिला थांबवलं नाही.